शोभत नाही

मराठीत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या नटण्याला धड शब्द नाही. तरुणीसाठी शृंगार आहे, साज आहे. नखरा हा शब्दही तिच्या बाबतीत कौतुकाने उच्चारता येतो. नववधूसाठी तर सबंध शब्दकोश मोकळा आहे. पण पन्नाशीची बाई आरशापुढे क्षणभर अधिक रेंगाळली की हीच भाषा बोचरी होते. गडद रंगाचे लुगडे नेसली तर ती नटवी ठरते, गजरा माळला तर 'आता काय बोहल्यावर चढायचे आहे?' असा प्रश्न येतो, आणि नातवंडे झालेली बाई मनमोकळी वागू लागली तर 'म्हातारचळ लागला' असे घरातलेच कोणी म्हणते. या सर्वांहून सभ्य, आणि म्हणूनच या सर्वांहून परिणामकारक, असे एक वाक्य आहे : 'या वयात शोभत नाही.'

या वाक्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. लुगडे शोभत नाही, गजरा शोभत नाही, मोठ्याने हसणे शोभत नाही. कर्ता ती वस्तू किंवा ती कृती. ज्या बाईविषयी बोलणे चालले आहे ती 'तिला' होऊन एका बाजूला. आणि निकाल देणारा वाक्यात कोठेच नाही. जणू निकाल सृष्टीनेच देऊन ठेवला आहे. शोभा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते हे मान्य केले तरी हा पाहणारा कोण, त्याला अधिकार कोणी दिला, आणि बाईच्या आयुष्याच्या नेमक्या कोणत्या वर्षी तो त्याने वापरावा, हे प्रश्न विचारले जाण्यापूर्वीच या वाक्याने मिटवलेले असतात.

ते उघडून पाहण्यासाठी पुण्यामुंबईपेक्षा रायपूर ही जागा अधिक सोयीची आहे. पुण्यात मराठी पांढरपेशा घराची रीत हीच जगाची रीत असा समज सहज होऊ शकतो. रायपुरात तो होऊ शकत नाही. कारण तेथे मराठी घराच्या उंबऱ्यापाशीच दुसरी रीत उभी असते.

छत्तीसगडात मराठी माणूस प्रथम आला तो सत्ता घेऊन. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, माणसे राहिली. पुढे मध्यप्रांताच्या कारभारात कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतले नोकरदार म्हणून नवी कुटुंबे येत गेली. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. हिंदी पत्रकारितेच्या आद्य शिल्पकारांत त्यांची गणना होते, आणि रायपुरात मुलींसाठी शाळा काढण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. तात्यापारा, बुढापारा, नंतरची चौबे कॉलनी या वस्त्यांतून मराठी घरांनी आपली भाषा, आपला गणपती, आपले हळदीकुंकू जपले. हे जपणे सोपे नव्हते, आणि त्याबद्दल या समाजाचा गौरवच करायला हवा. पण जपलेल्या वस्तूंत एक वस्तू अशी होती की जिच्याकडे कोणी संस्कृती म्हणून पाहिले नाही. ती म्हणजे साधेपणाचा दंडक.

या घरांच्या अंगणात छत्तीसगडी बाई रोज येत होती. भाजी घेऊन, दूध घेऊन, धुण्याभांड्यांसाठी. तिच्या गळ्यात सुता आणि रुपयांची माळ, दंडात नागमोरी, मनगटात ऐंठी, कमरेला करधन, पायांत तोडे. चांदी परवडली नाही तर गिलट, पण अंग रिकामे नाही. आणि या सगळ्याखाली कातडीवर काढलेला गोदना. आज हा साज रोजच्या वापरातून बराचसा उठला आहे. ऐंठी आणि सुता आता लग्नाकार्यात, लोककलेच्या मंचावर आणि संग्रहालयात अधिक दिसतात. तरी जुन्या बायकांच्या अंगावरची ही भरगच्च शोभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना एक गोष्ट आठवेल. तीत वयाची पायरी फारशी नव्हती. विशीची सून आणि साठीची सासू यांच्या अलंकारांत फरक असलाच तर तो ऐपतीचा असे. उलट आयुष्यभर कमवून साठवलेले म्हणून म्हातारीच्या अंगावरच जास्त.

मराठी घराने या शोभेला एक शब्द दिला : भडक. आणि मुलींना, सुनांना, पुढे वयात आलेल्या आयांनाही सांगितले, 'आपल्यात असे नेसत नाहीत.' या 'आपल्यात'मध्ये मोठा इतिहास आहे. राज्य गेलेल्या, पण पायरी न सोडलेल्या समाजाला आपले वेगळेपण दाखवण्यासाठी जमीनजुमला नव्हता, संख्याबळ नव्हते. फिक्या रंगाची साडी, दोन पाटल्या, बारीक मंगळसूत्र आणि हलका आवाज हे त्याचे मानपत्र झाले. तरुण स्त्रीला लग्नसराईत आणि सणावारी त्यातून सूट मिळे. मध्यमवयीन स्त्रीला ती नव्हती. कुटुंबाची प्रतिष्ठा मिरवण्याचे काम अखेर तिच्याच अंगावर पडले, आणि ती मिरवायची ती स्वतःला पुसट करून.

दोन्ही रीतींमधले अंतर एका तिथीला फार स्पष्ट दिसते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला मराठी घरात हरतालिका असते, छत्तीसगडी घरात तीजा. दिवस एक, उपवास एक, पार्वतीची कथाही एक. पण छत्तीसगडात पोळा झाला की भाऊ, भाचा नाहीतर बाप बाईला न्यायला येतो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खायचा; त्याला 'करू भात' म्हणतात. माहेरी आलेल्या या बायकांना स्वतंत्र नाव आहे : तिजहारिन. आणि माहेराने तिला द्यायचे असते नवे लुगरा. लुगरा म्हणजे मराठीचे लुगडेच. फक्त एक अक्षर वाटेत बदलले. हे बोलावणे लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांपुरते नसते. केस पिकलेली, दात पडलेली बाईसुद्धा तिजहारिन असते, मोटारीत खिडकीची जागा धरून माहेरी निघते, आणि नव्या लुगऱ्याची घडी मोडते. मराठी मंगळागौरीचा हक्क पाच वर्षांत संपतो. त्यानंतर बाईने फुगडी घालायची ती दुसऱ्या कोणाच्या तरी निमित्ताने.

यावरून छत्तीसगड म्हणजे स्त्रीचा स्वर्ग, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. तीजाचा उपवासही नवऱ्यासाठीच असतो. आणि एकट्यादुकट्या प्रौढ बाईला 'टोणही' ठरवून तिचा छळ करणारी गावे याच प्रदेशात आहेत. त्याविरुद्ध २००५ साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या बाईवर कोणा पुरुषाची सावली नाही आणि जिच्याकडून आता संततीची अपेक्षा नाही, तिच्याविषयी समाजाला वाटणारे भय तेथे उघडे आणि हिंस्र आहे. पांढरपेशा घरात तेच भय 'शोभत नाही' इतके मऊ होऊन बोलते. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे. पण दोन्हींचे मूळ शोधत गेले तर ते वेगवेगळ्या रानांत सापडत नाही.

ते मूळ असे आहे की स्त्रीचे सौंदर्य तिचे स्वतःचे मानलेलेच नाही. ते तिला वापरायला दिलेले आहे. मराठीत तर हे अलंकारांच्या नावातच नोंदवून ठेवले आहे. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा ही सौभाग्यलेणी. आणि सौभाग्य म्हणजे नवरा जिवंत असणे. म्हणून नवरा गेला की लेणी जातात. पण नवरा हयात असतानाही ही मुदत आतून संपत येते, याकडे मात्र फार कमी लक्ष गेले आहे. मुलीचे लग्न झाले की आईच्या पेटीतली चांगली साडी तिच्याकडे जाते. सून आली की पाटल्या तिच्या हातात जातात. 'आता काय, त्यांचे दिवस' असे म्हणत बाई स्वतःच एकेक वस्तू उतरवीत जाते, आणि या उतरवण्याला त्याग म्हणून शाबासकी मिळते. प्रेमाने दिलेले देणे वेगळे, आणि आता आपल्याला ठेवण्याचा हक्क उरला नाही म्हणून दिलेले वेगळे. पण घरातल्या माणसांना हा फरक करण्याचे कारण पडत नाही.

वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली तेव्हा त्यांनी नेमक्या याच हिशेबावर बोट ठेवले. बायको मेली तर पुरुषाच्या अंगावरचे काय कमी होते, हा त्यांच्या विचाराचा रोख होता, आणि आजही त्याला उत्तर मिळालेले नाही. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्यानंतर ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. केसांपासून कुंकवापर्यंतचे, दोनचार बोटांचे अंतर चालायला समाजाला १३० वर्षांहून अधिक काळ लागला. आणि हेही सांगितले पाहिजे की बहुजन जातींत पाट आणि मोहतूर होते, छत्तीसगडातल्या कितीतरी जातींत नवी चुडी भरून बाई दुसरा संसार मांडू शकत होती. बांगडी एकदाच भरायची आणि एकदाच फोडायची असते, हा नियम मूठभरांचा. त्यांनी तो 'आपली संस्कृती' म्हणून सर्वांना वाटला.

वापरायला दिलेली वस्तू काम संपले की परत घेतात, हा विचार अलंकारांपाशी थांबला असता तर एक वेळ त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. तो शरीरापर्यंत पोहोचला आहे. २०१२ साली रायपूर आणि आसपासच्या भागात एक प्रकरण उघडकीला आले. गरीब कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती. एका कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. खेड्यापाड्यांतल्या बायका पोटदुखी, पाठदुखी, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन खाजगी रुग्णालयांत जात, आणि कर्करोगाची भीती घालून त्यांची गर्भपिशवी काढून टाकली जाई. चौकशा झाल्या, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेला आकडा तर डोळे पांढरे करणारा होता : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. यांतल्या पुष्कळ जणी तिशी-चाळिशीतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, म्हणून पाळीच नको, असा हिशेब त्यामागे होता. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अंमलात आणावीत असा आदेश दिला. त्या याचिकेत राजस्थान आणि बिहारबरोबर छत्तीसगडही होते.

या बायकांची समजूत पटवणे इतके सोपे का गेले? पैशाचा लोभ एका बाजूला होताच. दुसऱ्या बाजूला एक वाक्य तयार होते, आणि ते डॉक्टरांनी निर्माण केलेले नव्हते. 'दोन-तीन मुले झाली, आता त्या पिशवीचा काय उपयोग?' हे वाक्य नवऱ्याला पटते, सासूला पटते, आणि दुर्दैवाने बाईलाही पटते, कारण तिने आपल्या शरीराविषयी उपयोगाखेरीज दुसरी भाषा ऐकलेलीच नसते. ज्या अवयवाला नुसती पिशवी म्हणायचे, ती रिकामी झाली की फेकायची. चौबे कॉलनीतल्या सुशिक्षित घरात 'या वयात गजरा कशाला' असे म्हणणारा गृहस्थ या प्रकाराने खरोखर हळहळला असेल. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जात होता, हे मात्र त्याच्या लक्षात आले नसणार : आता कशाला?

भारतीय स्त्रीची पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास जाते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य तिच्यापुढे असते. कामकरी माणसाच्या आयुष्याचा हा जवळजवळ एक तृतीयांश भाग. या काळासाठी मराठी संस्कृतीने पुरुषाला वानप्रस्थ दिले, सत्कार दिले, साठीशांत दिली, शालश्रीफळ आणि फेटा दिला. पिकलेली मिशी त्याला रुबाबदार करते. स्त्रीला याच वर्षांसाठी मिळाली ती काशीयात्रा आणि नातवंडांची दुपटी.

पाहणाऱ्याचा डोळा मनात आणले तर किती उदार होऊ शकतो, याचा पुरावा याच समाजाने दिला आहे. १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांनी १९११ साली 'मानापमाना'त भामिनी उभी केली, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे पन्नाशी ओलांडल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले. शरीर स्थूल झाले होते, चेहऱ्यावर वय स्पष्ट दिसत होते, आणि तरीही रसिकांनी त्या थकलेल्या देहातली तरुणी पाहिली, डोळे भरून पाहिली. ते पाहणे खोटे नव्हते. ती कलेची ताकद होती आणि प्रेक्षकांची श्रद्धाही. शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, अंबाड्यात फूल कोठे खोवावे हे मराठी स्त्रिया त्यांच्याकडून शिकल्या. म्हणजे पन्नाशीच्या पुरुषाने घातलेली नथ या समाजाला शोभली. तीच नथ त्या प्रेक्षागृहात मागे बसलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला 'आता शोभत नाही' म्हणून पेटीत पडून राहिली. अडचण डोळ्यांची नव्हती, हे यावरून तरी मान्य करावे.

यावर सुधारक बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दागिने, शृंगार, रूप यांच्या बेड्यांतून स्त्रीला सोडवायला शंभर वर्षे लागली. आता प्रौढ स्त्रीला पुन्हा आरशाकडे का पाठवायचे? साधेपणा हीच तिची मुक्ती नाही काय? पंडिता रमाबाईंपासून खादीच्या कार्यकर्तीपर्यंत ज्या स्त्रियांनी आपल्या मर्जीने साधेपणा पत्करला, त्यांच्याविषयी आदरच वाटतो. १९३३ च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यात गांधीजी रायपूरला आले होते. त्या दौऱ्यात सभेतल्या स्त्रियांकडे अंगावरचे दागिने मागण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे, आणि ठिकठिकाणी स्त्रियांनी ते काढून दिले. पण देणारीचा हात आणि हिसकावणाऱ्याचा हात यांत फरक आहे. त्या दिवशी दिलेली बांगडी तिची होती म्हणून ती देता आली. पुढे मात्र या साधेपणाचे पांढरपेशा समाजाने प्रमाणपत्र केले. प्राध्यापिका, लेखिका, कार्यकर्ती यांनी साधेच राहायचे, नाहीतर त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेतली जाणार. व्यासपीठावरच्या विदुषीने ठसठशीत कुंकू आणि जरीकाठाची साडी नेसली तर तिचे व्याख्यान ऐकण्याआधीच काही श्रोते हसतात. रेशमी झब्बा घातलेल्या समीक्षकाला हे कधी सोसावे लागत नाही. विधवेचे सक्तीचे लाल आलवण आणि विदुषीची सक्तीची फिकी साडी यांत प्रगती आहे. पण मुक्ती म्हणण्याइतकी नाही.

दुसरी बाजू बाजारपेठेची. तिने प्रौढ स्त्रीला अलीकडेच शोधून काढले आहे आणि तिच्यापुढे बरण्यांची रांग मांडली आहे. केस काळे करणारे रंग, सुरकुत्या थोपवणारी मलमे, त्वचा ताणून घेण्याचे उपचार. रायपूरच्या नव्या बाजारपेठांतही हे सारे मिळते. या बाजारपेठेची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे 'तुमचे वय वाटत नाही.' ती ऐकून बाई सुखावते, आणि तेथेच ती हरते. कारण स्तुती होते ती तिच्यात नसलेल्या बाईची. परंपरा म्हणते, पन्नाशीत सुंदर दिसू नकोस. बाजारपेठ म्हणते, सुंदर दीस, फक्त पन्नाशीची दिसू नकोस. पन्नास वर्षांचा चेहरा पन्नास वर्षांचा म्हणूनच पाहण्यासारखा असू शकतो, हे दोघींपैकी कोणीच बोलत नाही.

म्हणूनच २०२३ च्या पावसाळ्यात जे घडले त्याकडे चित्रपटाचा धंदा म्हणून नुसते पाहून चालणार नाही. 'बाईपण भारी देवा' हा सहा मध्यमवयीन बहिणींचा चित्रपट आला. त्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात, म्हणजे जो हक्क पाच वर्षांत संपला तोच परत मागतात. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, काळे चष्मे लावून, टोळ्याटोळ्यांनी तो पाहायला गेल्या. चित्रपट थोर आहे की नाही हा वेगळा वाद. त्यात गोड बोलून प्रश्न सोडवण्याची खोड आहेच. परंतु ज्यांनी त्या टोळ्यांची थट्टा केली त्यांनी एवढे पाहायला हवे होते की या बायका कोणाच्या लग्नाला निघालेल्या नव्हत्या, त्यांना कोणी ओवाळणार नव्हते, आणि अंधारात त्यांच्याकडे कोणी पाहणारही नव्हते. तरी त्या नटल्या होत्या. निमित्ताशिवाय नटण्याची ही संधी त्यांना किती वर्षांनी मिळाली, याचा हिशेब थट्टा करणाऱ्यांपाशी नव्हता.

रायपूरहून दुर्गभिलाईकडे गेले तर गनियारी हे गाव लागते. १९५६ साली तेथे जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानीची कापालिक शैली, म्हणजे उभे राहून अभिनयासह गाण्याची, पुरुषांची मानलेली रीत, स्वीकारली. बायकांनी गायचे ते बसून, असा दंडक होता. गाणे गाते म्हणून त्यांना जातीबाहेर काढण्यात आले, वेगळी झोपडी बांधून राहावे लागले. २०१९ साली पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ज्यांनी त्यांना मंचावर पाहिले आहे त्यांना तो थाट विसरता येणार नाही : कपाळभर कुंकू, गडद रंगाचे लुगडे, गळ्यात आणि दंडात जड चांदी, पानाने रंगलेले ओठ, आणि हातात मोरपिसे लावलेला तंबुरा. तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, अर्जुनाचे धनुष्य होई, आणि द्रौपदीचे मोकळे केस होई. त्या थाटातून त्यांनी वय लपवल्याचे कोणालाही वाटले नाही. वय होते, सुरकुत्या होत्या, आवाजातला खरखरीतपणा होता, आणि ते सगळे त्या शोभेचाच भाग होते.

त्या जी कथा गात त्या कथेतही हेच आहे, आणि ते मराठी वाचकाने नीट वाचलेले नाही. कीचकवध हा पंडवानीचा लाडका प्रसंग. विराटाच्या नगरीत द्रौपदी येते ती मळके एकवस्त्र नेसून, केस आवरून लपवून. राणी सुदेष्णा तिला प्रासादावरून पाहते, बोलावते, आणि कामावर ठेवायला कचरते. राजाची नजर हिच्यावर गेली तर माझे काय, असे तिला वाटते. द्रौपदी या वेळी किती वर्षांची होती? पाच मुलांची आई झालेली. द्यूत होऊन गेलेले, वनवासाची बारा वर्षे संपलेली. आणि ज्या वर्षी कीचक तिच्यामागे लागला त्या वर्षाच्या अखेरीस अभिमन्यूचे लग्न झाले. म्हणजे सासूपणाच्या उंबऱ्यावर उभी असलेली ही स्त्री. व्यासांना तिच्या वयाचा उल्लेख करण्याची गरज वाटली नाही. वय असूनही सुंदर, असे त्यांनी म्हटले नाही; नुसते सुंदर म्हटले. कीचकाच्या नजरेवर तिचे सौंदर्य अवलंबून नव्हते, कारण त्या नजरेचा तिला संतापच होता आणि त्या संतापाची किंमत कीचकाने मोजली. शिवाय या अज्ञातवासात तिने काम पत्करले ते सैरंध्रीचे, म्हणजे दुसरीची वेणीफणी आणि उटणी करण्याचे. साज कसा चढवायचा हे जाणणारी, आणि स्वतः साज टाकून दिलेली. तोही तिने टाकला होता तो प्रतिज्ञेपोटी, शोभत नाही म्हणून नव्हे.

गोदन्याविषयी छत्तीसगडात एक समजूत आहे. देवारीण सुईने अंगावर जे काढते तेच एक लेणे मेल्यावर बरोबर येते. बाकीचे सगळे येथे राहते, वाटले जाते, मोडले जाते. ही समजूत ज्या बायकांनी घडवली त्यांना आपल्या अंगावरच्या चांदीचे काय होते ते पुरते ठाऊक असणार. दुष्काळात ती सावकाराकडे जाते, लग्नात मुलीकडे जाते, रंडकीच्या अंगावरून दिराकडे जाते. म्हणून त्यांनी एक लेणे असे निवडले की जे कोणाला उतरवता येत नाही.

रायपुरात मराठी घरांतून आजही संक्रांतीचे हळदीकुंकू होते, आणि बऱ्याच निमंत्रणांवर बोलावणे अजून 'सौभाग्यवतीं'नाच असते. काही ठिकाणी तो शब्द काढून 'सर्व भगिनींना' असे छापू लागले आहेत. त्यावरही वाद होतो : परंपरा मोडते, वडीलधाऱ्यांना वाईट वाटते, आणि ज्यांना बोलवायचे त्याच येत नाहीत, मग छापून काय उपयोग? त्या येत नाहीत, कारण पन्नास वर्षे त्यांना बोलावलेले नाही. दुसऱ्या वर्षीही छापावे, तिसऱ्या वर्षीही. आणि आलेल्या बाईला वाण देताना, तिने कोणत्या रंगाची साडी नेसली आहे याकडे बघून कोणी भुवई उचलू नये.